चिखलात रुतलेला ट्रक बाहेर कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुतलेला ट्रक निघत नाही तो बहुतेक वेळा ओढणाऱ्याची ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तर चाकापुढचा आणि पोटाखालचा चिखल कोणी काढलेला नसतो म्हणून. त्यामुळे खालच्या सगळ्या उत्तरांचा क्रम एकच आहे: आधी फावडं, मग फळ्या आणि दगड, दोर सगळ्यात शेवटी. उदाहरणासाठी मालासकट १६ टनांचा, मागे एकच धुरा आणि जोडचाकं असलेला ट्रक धरला आहे. आकडे अंदाजाचे आहेत, पण निर्णय घ्यायला पुरतील इतके नेमके.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं. पहिल्या मिनिटात काय करायचं?

रेस सोडा. रुतायला लागलेल्या गाडीचं खरं नुकसान या पहिल्या मिनिटात होतं. फिरणारं चाक पुढे जात नाही, पण खाली मात्र जातं. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि मग पकड म्हणून काही उरत नाही.

एक प्रयत्न जरूर करा: रिव्हर्स टाकून, रेस अगदी कमी ठेवून, आलात त्याच चाकोरीतून मागे. ती चाकोरी तुमच्याच वजनाने दाबली गेलेली असते, त्यामुळे आजूबाजूपेक्षा बरी असते. स्टिअरिंग सरळ हवं. गाडी हातभरही हलली नाही तर तिथेच थांबा, पार्किंग ब्रेक लावा आणि खाली उतरा. दुसरा, तिसरा, चौथा प्रयत्न म्हणजे दर वेळी आणखी वीतभर खोदकाम, आणि ते नंतर तुम्हालाच फावड्याने निस्तरायचं असतं.

इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं?

सायलेन्सरचं तोंड चिखलाच्या आणि पाण्याच्या वर असेल तर थोडा वेळ चालू ठेवा, ब्रेकच्या टाकीतली हवा टिकते. माणसं गाडीखाली किंवा चाकांजवळ खोदणार असतील तर मात्र बंद करा, गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक लावलेला, चावी खिशात.

उतरल्यावर नेमकं काय बघायचं?

पहिलं, मागची चाकं किती खोल गेली आहेत: नुसता टायर, की हब (चाकाचा मधला भाग) चिखलाला टेकला, की त्याहून खाली. दुसरं, आणि हे बहुतेक जण बघतच नाहीत, डिफरन्शियलचं हाउसिंग, म्हणजे मागच्या धुऱ्याच्या मधोमध असलेला गिअरचा गोल डबा, टेकलंय का. एक लांब काठी किंवा पहार हाउसिंगच्या गोळ्याखालून आडवी आरपार घालून बघा. गेली तर चाकं अजून वजन पेलताहेत. अडली तर गाडी पोटावर बसली आहे. आता चाकांवर वजनच पुरेसं येत नाही, मग पकड कुठून येणार? अशा वेळी चाकाखाली कितीही दगड टाका, हाउसिंगखाली खोदल्याशिवाय काही होत नाही.

मग गाडी एका अंगाला कललीय का ते बघा. डिझेलची टाकी, बॅटरीची पेटी, ब्रेकचे पाइप कुठे दाबले गेलेत का तेही बघून घ्या. शेवटी सभोवार चालून घट्ट जमीन कुठल्या दिशेला आणि किती पावलांवर आहे ते ठरवा. गाडी काढायची ती त्या दिशेला. आपल्याला जायचंय त्या दिशेला नव्हे.

एकच चाक फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं असतं, असं का?

डिफरन्शियलमुळे. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरावं म्हणून ते असतं. पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो जोर किती, हे सर्वात कमी पकड असलेलं चाक ठरवतं. एक चाक लोण्यासारख्या चिखलात असेल तर त्याला फिरवायला जेवढा थोडा जोर लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. ते घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही.

यात आणखी एक मेख आहे. एकच चाक फिरत असेल तेव्हा ते स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं. काटा ३० वर असेल तर चाक ६० ने घुसळत असतं. आत डिफरन्शियलचे छोटे गिअर त्यांना झेपणार नाही अशा गतीने फिरत असतात, आणि अचानक त्या चाकाला दगड लागून पकड मिळाली की हाफ शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) किंवा गिअरचे दात तुटतात. काटा ५५ च्या वर न्यायचा नाही ही टायर कंपन्यांची ताकीद असते, कारण तापलेला टायर फुटू शकतो. खरं तर चिखलात काटा १० च्या वर गेला तरी काहीतरी चुकतंय असं समजा.

डिफ लॉक कधी लावायचं?

डिफ लॉक म्हणजे दोन्ही चाकांना एकत्रच फिरायला लावणारं कुलूप. ते लावायचं रुतण्याच्या आधी. चिखल दिसला की गाडी थांबवून किंवा अगदी हळू चालवत, चाकं घसरून फिरत नसताना लॉक लावा आणि मग आत घाला. चाक जोरात फिरत असताना बटण दाबलं तर आतला दातेरी क्लच आदळतो आणि तुटतो. मागे दोन धुरे असतील तर आधी दोन धुऱ्यांमधलं लॉक आणि त्याने भागलं नाही तर चाकांमधलं. लॉक असताना गाडी सरळच ढकलते, स्टिअरिंग फारसं ऐकत नाही. त्यामुळे घट्ट जमीन लागताच, वळायच्या आधी, लॉक काढा.

नव्या गाड्यांत चाक घसरलं की इंजिनची ताकद आपोआप कापणारी यंत्रणा असते. रस्त्यावर ती उपयोगाची. चिखलात नेमकी हवी तेव्हाच ताकद कापली जाते, म्हणून तिचं बटण बंद करा किंवा ऑफ-रोडवर ठेवा.

ओढायला किती जोर लागेल, याचा काही हिशोब आहे का?

आहे, आणि तो एकदा समजला की बाकीचं बरंच आपोआप समजतं.

पक्क्या सपाट रस्त्यावर १६ टनांचा ट्रक गडगडत नेण्यासाठी साधारण पाव टन जोर पुरतो. मऊ चिखलातून, पण चाकं वर असताना, वजनाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ५ टनांच्या आसपास. चाकं हबपर्यंत गेली की ढोबळ नियम असा: गाडीच्या वजनाइतका जोर, म्हणजे १६ टन. मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, ३२ टन. केबिनच बुडायला आली असेल तर तिप्पट. चढावर काढायची असेल तर दर अंशाला वजनाचा साठावा भाग आणखी धरा, म्हणजे १६ टनांना प्रत्येक अंशामागे पाव टनाहून थोडं जास्त.

आता दुसरी बाजू. ट्रकच्या मागच्या धुऱ्यावर १० टन वजन असेल तर ओल्या चिकणमातीत त्याची स्वतःची चाकं जेमतेम २ ते ३ टन जोर लावू शकतात. तीच चाकं फळीवर किंवा दगडांवर आली की ५ ते ६ टन. म्हणजे हबपर्यंत रुतलेल्या गाडीपुढचा चिखल उपसून अडथळा १६ टनांवरून ५ वर आणला आणि चाकाखाली फळ्या घातल्या, तर गाडी आपल्याच इंजिनवर निघण्याच्या बेतात येते. दोन माणसांचं तासाभराचं फावडं १० टनांची क्रेन वाचवतं ते असं.

खोदायचं कुठे आणि किती?

ज्या दिशेला काढायची त्या दिशेला प्रत्येक चाकापुढे उतार कापा. चाक एक फूट खोल असेल तर निदान चार फूट लांबीचा उतार हवा. आठ फूट मिळाला तर उत्तम. चाकासमोर उभी भिंत ठेवून दोन फूट खणलेला खड्डा काही कामाचा नाही, कारण चाकाला पायरी चढता येत नाही. रुंदी जोडचाकांच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त. पुढची चाकं विसरू नका: ती ढकलली जाणारी, नुसता अडथळा करणारी चाकं असतात, आणि त्यांच्यापुढे साचलेली मातीची उशी पुष्कळ जोर खाते.

मग पोटाखालचं काम. हाउसिंगच्या गोळ्याखाली आणि त्याच्या पुढे, ज्या बाजूला गाडी जाणार त्या बाजूला, चर काढा. कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा), शॉक अॅब्सॉर्बर, टाकीचा तळ, बंपर, जे जे टेकलंय ते मोकळं करा. इथे फावडं आडवं चालत नाही; लांब दांड्याचं खुरपं किंवा कुदळ बरी. जोडटायरांच्या मधला चिखल पहारीने काढून टाका, आणि टायरच्या खाचाही खरवडा. हे बारीकसारीक काम वाटतं, पण भरलेल्या खाचांनिशी पहिला फेरा वाया जातो आणि तोच पहिला फेरा सगळ्यात मोलाचा असतो.

ओली चिकणमाती फावड्याला चिकटून बसते. शेजारी पाण्याची बादली ठेवून फावडं दर काही घावांनी बुडवत राहिलं तर कामाचा वेग बराच वाढतो.

खड्ड्यात पाणी साचत असेल तर?

खोदकामाच्याही आधी पाण्याला वाट करा. उताराच्या बाजूला फावड्याच्या रुंदीचा, चाकाच्या तळापेक्षा खोल चर पुरे. तसा उतार नसेल तर घमेल्याने उपसा. चाकाखाली पाणी राहिलं तर टाकलेली खडी त्यात नुसती गिळली जाते.

चाकाखाली काय टाकलं तर चालतं आणि काय नाही?

सगळ्यात चांगल्या जाड लाकडी फळ्या: दोन इंच जाड, फूटभर रुंद, पाच-सहा फूट लांब. चाकाच्या अंगाला अगदी भिडवून, शक्य तर टोक टायरखाली ठोकून घुसवायची. फळीला टोकाशी भोक पाडून दोरी बांधून ठेवा, नाहीतर चिखलात गेलेली फळी पुन्हा सापडत नाही.

दगड टाकायचे असतील तर क्रम महत्त्वाचा. मऊ चिखलावर थेट खडी टाकली तर ती खाली जाते. आधी डोक्याएवढे मोठे दगड बसवून तळ करा, त्यांच्या फटींत मुठीएवढे, आणि वर खडी किंवा मुरूम. धारदार, उभट दगड जोडचाकांच्या आसपास नकोत. दोन टायरच्या मध्ये अडकला तर बाजूची भिंत कापतो, आणि नंतर रस्त्यावर वेगात सुटला तर मागच्या गाडीची काच फोडतो.

वाळू किंवा खडी अर्धी भरलेली गोणपाटं चालतात. फांद्या चालतात, पण मनगटाएवढ्या जाड, आडव्या, जवळजवळ रचलेल्या आणि दोन थर. गवत, पेंढा, पालापाचोळा दोन फेऱ्यांत चिखल होतो. लोखंडी पत्रा मुळीच नको: ओल्या पत्र्यावर चाक आणखी घसरतं आणि पत्रा मागे सुऱ्यासारखा उडतो. चाकाखाली काहीही घातलेलं असताना चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही उभं राहायचं नाही.

जॅक लावला तर गाडी उचलण्याऐवजी जॅकच खाली जातो. काय करावं?

साहजिक आहे. मऊ ओली माती चौरस मीटरला साधारण ५ टन पेलते. जॅकचा तळ तळहातापेक्षा थोडा मोठा असतो आणि त्यावर एका बाजूचे ५ टन आले तर दाब चौरस मीटरला अडीचशे टनांच्या पुढे जातो. दोन बाय दोन फुटांची फळी ठेवली तरी तो १४ च्या आसपास राहतो, म्हणजे अजूनही बुडणारच. मीटरभर लांब-रुंद तळ हवा: तीन इंची ओंडके किंवा स्लीपर शेजारी शेजारी, त्यांच्यावर आडवा दुसरा थर, आणि वर जाड लोखंडी पाट म्हणजे जॅक लाकडात रुतणार नाही. त्याआधी वरचा पातळ चिखल खरवडून जरा घट्ट थरापर्यंत जा.

जॅक धुऱ्याला, चाकाच्या जवळ, कमानीच्या बैठकीखाली लावा. डिफरन्शियलच्या गोळ्याला नाही. बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. चाक उचललं की खालच्या पोकळीत दगड भरायचे, पण हाताने नाही, काठीने किंवा पहारीने ढकलून. चार इंच उचला, भरा, जॅक सोडा, वजन बसू द्या, पुन्हा उचला. एका दमात फूटभर उचललेली गाडी चिखलात जॅकवरून सटकते. गाडीखाली डोकं घालायचं नाही, एवढं एक पथ्य कितीही घाई असली तरी मोडू नका.

टायरची हवा कमी केली तर फायदा होतो?

वाळूत खूप, चिखलात थोडा. टायर पसरतो, जमिनीवरचा दाब कमी होतो. पण लादलेल्या ट्रकला यात जोखीम आहे. ट्यूबवाला टायर कमी हवेत रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. कडीवाल्या, म्हणजे लॉक रिंगच्या रिमवर हवा फार कमी झाली तर कडी जागेवरून हलते आणि नंतर हवा भरताना ती उडून जीव जाऊ शकतो. त्यामुळे कडीवाल्या चाकांची हवा उतरवू नका. ट्यूबलेस टायर असेल, गाडीत हवा भरायची नळी असेल आणि फक्त काही फूट चालायचं असेल, तर नेहमीच्या हवेच्या तीन चतुर्थांशपर्यंत यायला हरकत नाही. बाहेर आल्यावर तिथेच पुन्हा भरायची, पुढच्या गावी नाही.

गाडी पुढे-मागे झुलवून काढतात ते बरोबर आहे का?

उथळ खड्ड्यात, हाउसिंग मोकळं असताना, हो. पुढे रेटायचं, गाडी थांबायच्या क्षणी क्लच दाबायचा, तिला आपोआप मागे गडगडू द्यायचं, मागचा झोका संपताना पुन्हा पुढे. जोर झोक्याचा वापरायचा, इंजिनचा नाही. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरने चाक कमी घसरतं. पाच-सहा झोक्यांत जागा वाढत नसेल तर सोडून द्या.

क्लच प्लेट जळल्याचा वास आला तर निदान १५ ते २० मिनिटं थांबा. त्या वासासकट आणखी दोन प्रयत्न केले की गाडी चिखलातून निघाली तरी रस्त्यावर चालणार नाही. क्लच पेडल नसलेल्या गाड्यांत गिअर हाती घ्या आणि झुलवणं दोन-तीन वेळांवर आवरा.

माल उतरवावा का? की वजनानेच पकड येते?

दोन्ही खरं आहे. चाकं वर असतील आणि नुसती घसरत असतील तर मागच्या धुऱ्यावरचं वजन मदतच करतं. हबपर्यंत गेली असतील तर तेच वजन शत्रू आहे. मधल्या परिस्थितीत फावडं आधी वापरा. त्याने भागलं नाही तर माल दुसऱ्या गाडीत घ्या. ती गाडी घट्ट जमिनीवरच उभी करा, नाहीतर दोन ट्रक काढावे लागतात, आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

टिपर असेल तर हौदा उचलून माल ओतून टाकण्याचा मोह होतो. गाडी जराही कललेली असेल तर नको. हौदा वर गेला की वजनाचा मध्य वर जातो, सगळा भार मागच्या एका चाकावर येतो, ते चाक खचतं आणि टिपर आडवा होतो. ओला माल तळाला चिकटून वरच राहिला तर आणखीच वाईट. फाळका उघडून फावड्याने उतरवणं कंटाळवाणं आहे, पण गाडी उभी राहते.

ओढायला काय बोलवावं: ट्रॅक्टर, दुसरा ट्रक की जेसीबी?

चांगल्या जमिनीवर ट्रॅक्टर साधारण आपल्या वजनाच्या निम्म्याइतका ओढतो. अडीच टनांचा ट्रॅक्टर म्हणजे सव्वा टन. वरच्या हिशोबात हा आकडा बसवून बघा: न खोदलेल्या गाडीला एक ट्रॅक्टर काहीच करू शकत नाही, पण खोदून, फळ्या घालून, स्वतःच्या इंजिनवर निघण्याच्या बेतात आलेल्या गाडीला तोच सव्वा टन निर्णायक ठरतो. ट्रॅक्टरला दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच. वरच्या लिंकला किंवा मागच्या धुऱ्याच्या वर बांधला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो. हे एक-दोन सेकंदांत होतं, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

दुसरा ट्रक ओढणार असेल तर तो भरलेला बरा, रिकाम्याची चाकं घसरतात. जेसीबी सगळ्यात कामाचा, पण ओढण्यासाठी नव्हे तर खोदण्यासाठी: मागच्या हाताने दहा मिनिटांत चारही उतार कापून देतो. बकेटच्या दातांना साखळी अडकवू नका, आणि बकेटने फाळक्याला ढकलू देऊ नका. फाळका वाकतो, गाडी जागेवरच राहते.

दोर कुठला आणि किती जाड?

चांगल्या स्थितीतला १६ मिमीचा पोलादी वायर रोप सुमारे १६ टनांना तुटतो, २० मिमीचा सुमारे २५ टनांना. तुटण्याचा आकडा म्हणजे वापरायचा आकडा नव्हे. निदान निम्म्याच्या आत राहा. पीळ पडलेला, गाठ बसलेला किंवा तारा उसवलेला रोप किती पेलेल ते सांगता येत नाही, म्हणून तो वापरूच नका. वायर रोपला गाठ मारायची नाही. टोकाला फास करायचा तर यू-बोल्ट क्लिपा: १६ मिमीला तीन, २० मिमीला चार, दोन क्लिपांत रोपच्या जाडीच्या सहापट अंतर. क्लिपेची बैठक ताण येणाऱ्या लांब दोरावर, आणि यू वळलेल्या तुटक टोकावर. उलट बसवली तर यू लांब दोरालाच चेपते आणि तो तिथेच कमजोर होतो.

कापडी पट्टा हलका, आणि तुटला तरी वायरपेक्षा कमी धोक्याचा. पण चासीच्या धारेवर घासून कापला जातो, तिथे जुनी ट्यूब गुंडाळा. शॅकलवर, म्हणजे दोर जोडायच्या यू आकाराच्या कडीवर, क्षमता कोरलेली असते, एक इंची चांगल्या शॅकलवर साधारण साडेआठ टन. काहीच कोरलेलं नसेल तर तो शॅकल ओढण्यासाठी नाही. शॅकलच्या जागी नटबोल्ट लावणं म्हणजे बंदुकीत गोळी भरणं.

दोर लांब ठेवा, १५ ते २० मीटर. ओढणारी गाडी घट्ट जमिनीवर उभी राहिली पाहिजे.

दोर गाडीला कुठे अडकवायचा?

कंपनीने दिलेल्या ओढण्याच्या हुकाला किंवा पिनला. तो नसेल तर चासीच्या दोन्ही बाजूंना, दोन पायांचा फास करून. दोन पायांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तिथे प्रत्येक पायावर ५८ टक्के ताण येतो, ९० अंशांवर ७१, आणि १२० वर पूर्ण शंभर टक्के, म्हणजे दोन पाय करून फायदा शून्य. बंपर, कमानीची शॅकल, स्टिअरिंगचा रॉड, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंतचा फिरता दांडा) यांना हात लावू नका. धुऱ्याला बांधावंच लागलं तर ब्रेकचे पाइप आणि चेंबर दोराखाली येत नाहीत ना ते बोटाने चाचपून बघा.

ओढायचं सहसा आलात त्या दिशेलाच, मागे. आडवं ओढू नका, चाकोरीची भिंत चाकाला धरून बसते.

झटका देऊन ओढलं तर पटकन निघेल ना?

वायर रोप आणि साखळी ताणली जात नाही, त्यामुळे झटक्यात ताण कित्येक पट होतो आणि सगळ्यात कच्चा दुवा तुटतो. झटक्यासाठी बनवलेले नायलॉनचे ताणले जाणारे पट्टे वेगळे असतात, आणि तेही हलक्या गाड्यांसाठी बरे. भरलेल्या ट्रकला दोर आधी हळू ताणा, थांबा, सगळं जागेवर आहे का बघा, मग सलग ओढा. ओढणारा दोर ताणतो त्याच क्षणी रुतलेल्या गाडीनेही कमी रेसवर चाकं फिरवायची. इशारा एकाच माणसाने, हाताने द्यायचा. पाच जण ओरडले की दोन्ही गाड्यांचे चालक गोंधळतात.

पोटाखालचा चिखल हवा न शिरल्याने गाडी धरून ठेवतो. ओढण्याआधी बाजूने पहार घालून हलवली की पोकळीत हवा जाते आणि पहिला हिसका हलका होतो.

पुलीने जोर दुप्पट होतो म्हणतात. खरंच?

जवळजवळ. विंचचा, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, दोर रुतलेल्या गाडीवरच्या पुलीतून फिरवून परत पक्क्या खुंट्याला बांधला तर ओढ दुप्पट होते, घर्षणात थोडी जाते, आणि वेग निम्मा होतो. पुली आणि तिचा शॅकल दुप्पट ताण पेलणारे हवेत. ड्रमवर दोराचे निदान पाच वेढे राहू द्या. विंचची छापील ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. ड्रम भरलेला असेल तर बरीच कमी मिळते, म्हणून जास्त दोर सोडून ओढणं फायद्याचं.

दोर तुटला तर?

तुटलेला वायर रोप चाबकासारखा येतो आणि पाय, मान जे वाटेत असेल ते कापतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना उभं करा, बघ्यांनाही. ताणलेला दोर कधीही ओलांडायचा नाही. मध्यावर दोन-तीन ओली गोणपाटं टाका, तुटला तर ती त्याला खाली दाबतात. ओढणाऱ्या गाडीचा चालक एकटाच केबिनमध्ये.

ओढतोय पण चाकं फिरतच नाहीत, नुसती फरपटतात.

हवेचा ब्रेक बघा. टाकीतली हवा ४-५ बारच्या खाली गेली की पार्किंग ब्रेकची स्प्रिंग चाकं आवळायला लागते. इंजिन चालू करून हवा भरा. इंजिन बंद पडलं असेल तर दुसऱ्या ट्रकमधून नळीने घ्या. तेही जमत नसेल तर बहुतेक स्प्रिंग चेंबरच्या (ही स्प्रिंग ज्या डब्यात असते त्याच्या) मागे रिलीज बोल्ट असतो, तो फिरवून स्प्रिंग आत ओढता येते. आधी चाकांना ठोकळे लावा, कारण त्यानंतर त्या चाकाला पार्किंग ब्रेक उरत नाही. चेंबरचा पट्टा मात्र कधीही उघडू नका, आतली स्प्रिंग माणूस मारते.

जवळ कोणीच नाही, फक्त साखळी आहे. काही उपाय?

ओंडक्याचा. मागच्या चाकांइतका लांब, मांडीएवढा जाड ओंडका काढायच्या दिशेला दोन्ही बाजूंच्या चाकांपुढे आडवा ठेवा आणि चाकाच्या खिडकीतून साखळी घालून दोन्ही चाकांना घट्ट बांधा. पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश: चाक फिरलं की ओंडका त्याच्याखाली जातो आणि गाडी त्याच्यावरून पुढे सरकते. १०.०० × २० च्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे एका खेपेला दीड मीटर मिळतो. ओंडका मागून वर यायला लागला की लगेच थांबायचं, नाहीतर तो मडगार्ड आणि हौद्याचा तळ उखडतो. सोडा, पुन्हा पुढे बांधा. बाहेर एक माणूस फक्त ओंडक्यावर नजर ठेवून हवाच.

पुढच्या वेळी आत घालण्याआधी जमीन कशी ओळखायची?

उतरून चालत जा. पहार एका हाताने दाबून बघा: वीतभर जाऊन टणक लागलं तर वर चिखल आणि खाली पाया आहे, सलग गतीने, न थांबता, गिअर न बदलता जाता येतं. दोन वितींपेक्षा खोल सहज गेली तर भरलेला ट्रक नको. वरून वाळलेली, भेगाळलेली पपडी फसवी असते. पायाची टाच आपटल्यावर आजूबाजूची जमीन थुलथुलली तर खाली पाणी आहे. नव्याने भरलेल्या चराच्या आणि भरावाच्या कडेपासून लांब राहा.

बाहेर आल्यावर लगेच निघायला हरकत नाही ना?

आधी शंभर पावलं हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, लायनरमधला चिखल निघतो. जोडटायरांमधले दगड काढा. ब्रेकचे पाइप, चाकाच्या सेन्सरच्या तारा, ब्रेक जुळवणारा स्लॅक अॅडजस्टर नजरेखालून घाला आणि चाकांचे नट आवळून घ्या. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला असेल तर कमी दाबाच्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने जाळीची पाती मुडपतात. वेग घेतल्यावर गाडी थरथरली तर रिमच्या आतल्या बाजूला किंवा प्रोपेलर शाफ्टवर एका अंगाला चिखल वाळलाय, खरवडून काढा.

हाउसिंग पाण्यात होतं का? मग डिफरन्शियलचं तेल तपासल्याशिवाय लांबच्या फेरीला जाऊ नका. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छोट्या वाटेतून) पाणी आत ओढलं जातं. गाडी रात्रभर उभी ठेवा, पाणी तळाला बसतं. सकाळी खालचा प्लग जरासा सैल करून पहिले काही थेंब बोटावर घ्या. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर सगळं बदला, ब्रीदर साफ करा, आणि त्याच दिवशी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) व हबला ग्रीस भरून घ्या.